तुमच्यात दाराला काय लावतात?

हॅनोव्हरजवळ, पश्चिम जर्मनी
२० जून १९५५

ती. अण्णा आणि आई,

इथूनच तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवतो. सुखरूप पोचलो. बोटीत पंधरा दिवस आणि आगगाडीत दोन. बोटीत पहिले चार दिवस पोटात काही टिकलं नाही. आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी मात्र टिकली. ती आता डब्याच्या तळाशी चमचाभर उरली आहे आणि तिच्यावर एका फ्रेंच पोराचा डोळा आहे.

कामाचं सांगतो. लढाईत ज्यांचं गाव गेलं, घर गेलं, अशी माणसं दहा वर्षं झाली तरी इथं लाकडी बरॅकीत राहतायत. एका खोलीत दोन संसार आणि मधे घोंगडं टांगलेलं. त्यांच्यासाठी आम्ही नऊ देशांतली बावीस माणसं सहा घरं बांधतोय. पगार नाही. दोन वेळचं जेवण आणि शाळेच्या हॉलात गवताची गादी, एवढंच. मी तिथं मोठा हुद्दा घेऊन चाललोय असं तुम्हाला वाटत होतं, म्हणून स्पष्ट लिहितो. अण्णा, मी विटा वाहतो. विटा भरायची एक लाकडी पेटी खांद्यावर घ्यायची आणि परांचीवर चढायचं. माझ्या खाली स्वित्झर्लंडची एक मास्तरीण सिमेंट कालवते. क्रूगर नावाचा म्हातारा गवंडी आमचा मुकादम आहे. तो शिकलेल्या पोरांच्या हातात थापी देत नाही. अगदी तुमच्यासारखाच.

मी चार नंबरच्या घरावर आहे. ते झोफियाबाईंचं. घरात त्या, त्यांची म्हातारी आई आणि हान्का नावाची अकरा वर्षांची लेक. नवरा लढाईत गेला. माणसं पोलंडची आहेत. तुमची भाकरी घेऊन मी लढाईच्या दिवसांत वळिवड्याला, पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीच्या कामावर यायचो तेव्हा शिकलेले दहा-बारा शब्द आता उपयोगी पडले. म्हातारीला त्यांच्या भाषेत नमस्कार घातला तर तिच्या हातातली बादलीच खाली पडली!

तुमचा,
बाळासो


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ जुलै १९५५

बाळासो, आकाराम दौलू चौगुले याचा आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टमन पत्र घेऊन सरळ तालमीच्या कट्ट्यावरच आला, का तर त्यावर जर्मनीचं तिकीट. सगळे म्हणाले, अण्णा, मोठ्यानं वाचा. आता मी महिनाभर सांगत सुटलोय की पोरगं तिकडं इंजिनेर हाय, गोऱ्या सायबांस्नी हुकूम सोडतंय. आणि तू लिवतोस विटा वाहतो! मी काय केलं, जितं जितं विटा आल्या तितं तितं नकाशे वाचले. "नकाशे खांद्यावर घेऊन परांचीवर चढतो." लोकांनी माना डोलावल्या. आता मला तोंडघशी पाडू नको. पुढच्या पत्रात विटा लिवू नको.

तुला ओव्हरसियर केला तो काय परमुलखात बिगारी करायला व्हय? शाहूपुरीतल्या त्या कंत्राटदाराकडं कामाला होतास तवा छत्री धरणारा माणूस होता तुझ्यामागं. पेठ वडगावचं पावणं आलतं सोयरिकीचं बोलायला. पोरगं काय करतं म्हणून इचारलं. मी म्हटलं, सायेब हाय. तुझ्या आईनं मान खाली घातली.

दुसरी गोष्ट. पोलंडवाल्यांची घरं बांधायला चाललोय, हे जाताना का सांगितलं न्हाईस? मी वळिवड्याचं काम अर्ध्यात टाकून आलतो हे तुला ठावं हाय. बारा वर्सं झाली. का टाकलं ते तवा सांगितलं न्हाय आणि आताबी सांगत न्हाय. पण दुसरी कुणीबी माणसं असती तर चाललं असतं. तीच कशी भेटली तुला?

ट्रंकेत माझा पितळी ओळंबा घातलाय. विटाच वाहायच्या असतील तर तो हिकडं लावून दे, हितं कामाला येईल.

आई इचारती, दूध मिळतं का.

अण्णा


हॅनोव्हरजवळ
२४ जुलै १९५५

ती. अण्णा आणि आई,

दूध मिळतं, आई. ढीगभर मिळतं. चहा मात्र आजाऱ्याला देतात तसला.

ओळंबा परत पाठवत नाही. का ते वाचा.

चार नंबरची टोकाची भिंत पोरांनी भराभर वर नेली होती. क्रूगर दोन दिवस गावाला गेलेला. जेवणाच्या सुट्टीत मी सहज तुमचा ओळंबा काढून भिंत सरळ आहे का बघायला लावला. वर बसला आणि खाली दोन बोटं उघडा पडला, भिंत झुकलेली! मी सगळ्यांना बोलावलं. इंग्रज पोरगा म्हणाला, वरून गिलावा येणारच आहे, कुणाला दिसतंय? मग मला तुमचंच बोलणं आठवलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "गिलावा माणसाच्या डोळ्याला फसवतो, पावसाला नाही." त्या मास्तरीणबाई उठल्या, हातोडी घेतली आणि वरचा थर स्वतः काढायला लागल्या. मग सगळेच उठले. संध्याकाळपर्यंत सात थर उतरवले, विटा घासून पुन्हा रचून ठेवल्या. त्यातल्या दोनशेतरी मीच वाहिलेल्या होत्या. दोनदा वाहिल्या म्हणा.

क्रूगर परत आला तेव्हा भिंत आधीपेक्षा बुटकी. मला वाटलं आता ऐकायला लागणार. त्यानं ओळंबा हातावर तोलला, उलटा करून बघितला आणि विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, आजोबांनी कोल्हापुरात तांबटाकडून ओतून घेतलेला, मग वडलांचा, आता माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पेटीत विटांच्या जागी त्याची स्वतःची थापी ठेवली होती.

आता चार नंबरवर मिस्त्री मी आहे. भिंती चौकटीपर्यंत आल्यात.

वळिवड्याला काय झालं होतं, अण्णा? मी लहान होतो. तुम्ही घरी आलात आणि दोन दिवस जेवला नाहीत, एवढंच मला आठवतं.

बाळासो


कोल्हापूर
३ ऑगस्ट १९५५

बाळासो, आशीर्वाद.

ह्ये पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. एक अक्षर बदललं न्हाय. पयल्यांदा कट्ट्यावर कबूल केलं की पोरगं विटा वाहत होतं, नकाशे न्हवं. कुणीतरी हसलं. मग मी म्हटलं, आता पुढं ऐक की लेका. भिंत उतरवली तितं आलो आणि ती ओळ दोनदा वाचली. शेवटी तालमीच्या वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आकाराम, बांधणारं पैशाला पासरी मिळत्यात. आपलं बांधलेलं पाडणारं पोरगं तुझं हाय." मर्दा, असा गर्व मला तू मॅट्रिक झालास तवाबी झाला न्हवता.

वळिवड्याचं इचारू नको.

आता चौकटीचं ऐक. तिकडं भट न्हाय, नारळ न्हाय, ठीक हाय. पण आपल्या तीन पिढ्यांत एक दार कोरडं बसलेलं न्हाय. आईनं ट्रंकेच्या कोपऱ्यात कुंकवाची पुडी ठेवलीय. तेलात कालवायचं आणि चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीवर पाच बोटं उमटवायची. हात जोडायचे आणि म्हणायचं, हितं चूल पेटू दे. आपण बांधलेल्या घरात चूल पेटली न्हाय तर ती गवंड्याची नाचक्की, घरधन्याची न्हवं. हे तुझ्या आज्यानं मला सांगितलं, मी तुला सांगतो.

आणि कुणी ते कुंकू पुसलं, तर थापी धुवून क्रूगरच्या हातात दे आणि तडक घरला निघून ये. मग त्या घरात पाणीसुदीक पिऊ नको. ह्यात बदल न्हाय.

अण्णा


हॅनोव्हरजवळ
२८ ऑगस्ट १९५५

ती. अण्णा,

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. नाहीतर दाखवा. तुम्ही ठरवा.

तुम्ही सांगितलं तसं केलं. चौकट उभी केली, तेलात कुंकू कालवलं, पाच बोटं उमटवली. पोरं टाळ्या वाजवत होती. देवदाराच्या पांढऱ्या लाकडावर तो रंग असा उठून दिसला की मलाच भरून आलं. पुढं कौलं चढली, दार बसलं, गिलावा झाला. परवा झोफियाबाई, म्हातारी आणि हान्का घर ताब्यात घ्यायला आल्या. हातात एक गाठोडं आणि एक पातेलं. झोफियाबाईंनी वर बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. तोंड पांढरंफटक. पातेलं हातातून पडलं. लेकीचा दंड धरला आणि मागं वळून जवळजवळ पळतच बरॅकीत गेल्या. किल्ली पायरीवरच राहिली.

मला वाटलं आपल्या देवधर्माचा विटाळ मानला. तुमचे शब्द आठवले आणि राग आला, खोटं कशाला बोलू. बॅग भरायला घेतली होती. पण मास्तरीणबाई दुभाष्याला घेऊन बरॅकीत जाऊन आल्या आणि मला बाहेर बोलावलं. अण्णा, लढाईत यांच्या गावात ज्या घरातली माणसं उचलायची असत, त्या घराच्या चौकटीवर आदल्या दिवशी लाल रंगानं खूण करून जात. तशी खूण यांच्या दारावर झाली होती. दुसऱ्या दिवशी यांच्या नवऱ्याला नेलं. परत आला नाही.

आणि मी यांच्या नव्या घरावर लाल पंजा उमटवला.

मी कुंकू पुसलं, अण्णा. कुणी सांगितलं नाही, मीच पुसलं. आधी फडक्यानं, मग साबणानं, मग रंधा मारला. तेल लाकडात मुरलंय. फिकट डाग राहिलाच. झोफियाबाई त्या दाराखालनं जायला तयार नाहीत. सप्टेंबरअखेरची मुदत आहे. तोवर राहायला गेल्या नाहीत तर घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जाईल आणि यांचं नाव यादीच्या तळाला. म्हातारी खोकते. त्या ओल्या खोलीत आणखी एक हिवाळा तिला निघायचा नाही.

तुम्ही लिहिलं होतं, कुणी पुसलं तर निघून ये. पुसणारा मीच आहे. निघून येऊ का? सांगाल ते करीन.

बाळासो


कोल्हापूर
५ सप्टेंबर १९५५

बाळासो,

निघून येऊ नको. खबरदार जर आलास तर.

पत्र चारदा वाचलं. मग रंकाळ्यावर जाऊन बसलो. तुझी आई हुडकत आली, तिला तितंच सगळं सांगितलं. आता तुला सांगतो. बारा वर्सं पोटात ठेवलं ते.

वळिवड्याला बरॅकींची जोती आम्ही घातली. परमुलखातनं बायका-पोरं यायला लागली होती, कुणी नवरा घालवलेली, कुणी आई घालवलेली, असं ऐकलं होतं. आमच्या टोळीची पहिली बरॅक झाली तवा मी माझ्या मनानं दाराला कुंकू लावलं. कुणी सांगितलं न्हवतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक गोरी बाई, तुझ्या आईच्या वयाची, स्टुलावर चढून ते घासत होती. खसाखसा. मी खाली हुबा. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे लालबुंद. मला वाटलं, रागानं. मला वाटलं, आपल्या देवाची घाण वाटली हिला. मी थापी उचलली आणि चालत घरला आलो. मजुरीबी मागितली न्हाय. त्या दिवसापासनं पोलंडचं नाव काढलं की माझ्या अंगाची लाही व्हायची.

ती रडत होती रे बाळासो. बारा वर्सांनी तुझ्या पत्रात मला ते कळलं. तिला काय आठवलं असंल, देवाला ठावं. मी थांबलो असतो आणि एक शब्द इचारला असता, तर काय बिघडलं असतं? भाषा येत न्हवती म्हण. पण तू माझी भाकरी घेऊन यायचास, तुला येत होती की. बारा वर्साचं पोरगं बोलत होतं आणि त्याचा बाप फुगून बसला!

आता माझं ऐक. रंधा मारू नको, लाकूड खराब होईल. चौकट बदलू नको. लपवाछपवीनं भ्या जात न्हाय. त्या बाईकडं जा. खाली बस, तिच्यापेक्षा खाली. आणि इचार, बाई, तुमच्यात दाराला काय लावतात? कुठल्याबी मुलखातलं माणूस नव्या घराला कोरडं ठेवत नसणार. ती सांगंल ते कर. शेणाचा गोळा लाव म्हणाली तर शेणाचा लाव. घर तिचं हाय. आपण नुसतं बांधणारं.

आई म्हणती, म्हाताऱ्या बाईला आधी इचार. लाजंल ती तरुण बाई.

अण्णा


हॅनोव्हरजवळ
२५ सप्टेंबर १९५५

ती. अण्णा आणि आई,

चूल पेटली! आधी तेवढंच लिहितो आणि मग दम घेतो.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी बरॅकीत गेलो. आईचं ऐकून म्हातारीसमोर जमिनीवर बसलो. दुभाषी बरोबर होता, पण प्रश्न मी माझ्या दहा-बारा शब्दांतच विचारला. तिनं दोनदा ऐकला. मग म्हणाली, हा तुझ्या मनातला प्रश्न नाही, कुणी शिकवला? मी म्हटलं, बापानं. मग मी दुभाष्याकरवी वळिवड्याची सगळी हकिगत सांगितली. तुम्हाला न विचारता सांगितली, माफ करा. झोफियाबाई पलीकडं पाठमोऱ्या उभ्या होत्या, पण ऐकत होत्या. स्टुलावरच्या बाईचं सांगितलं तेव्हा त्या वळल्या आणि डोळ्याला पदर लावतात तसा एप्रन लावला.

म्हातारीनं सांगितलं, आमच्यात खडू लावतात. पांढरा खडू. येशू जन्मला तेव्हा पूर्वेकडनं तीन राजे चालत आले होते. जानेवारीत त्यांचा सण असतो. त्या दिवशी चौकटीवर त्या तिघांच्या नावांची अक्षरं आणि साल लिहायचं, म्हणजे वर्षभर घरावर राखण. मी म्हटलं, जानेवारी लांब आहे, मुदत याच महिन्याची. म्हातारीनं माझा चेहरा न्याहाळला. मग लेकीला म्हणाली, "आपल्या गावच्या देवळातल्या चित्रात तिघांपैकी एक काळासावळा होता, आठवतो का? हाही पूर्वेकडनंच आलाय. आणि हाही देण्यासाठीच आलाय. तारखेचं देव बघून घेईल."

हान्का शाळेतून खडू घेऊन आली. मी पाठ वाकवून उभा राहिलो, कारण शिडी क्रूगरनं नेली होती. त्या पोरीनं माझ्या पाठीवर उभं राहून गणेशपट्टीवर अक्षरं लिहिली. तुमच्या कुंकवाचा डाग होता बरोबर तिथं, त्याच्यावरून. लिहून झाल्यावर झोफियाबाई पुढं आल्या. त्यांनी हात वर करून त्या डागाला बोट लावलं, अगदी हलकं. मग उंबरा ओलांडून आत गेल्या. थोड्या वेळानं धुराड्यातनं धूर आला. क्रूगर टोपी काढून उभा होता. मी रडलो अण्णा, सगळ्यांच्या देखत.

त्यांच्यात नव्या घरात पाव आणि मीठ देतात. पहिला तुकडा मला दिला. म्हातारीनं पेटीतनं लोकरीचा एक मफलर काढला, तिच्या जावयाचा, ज्याला नेलं त्याचा. म्हणाली, हा तुझ्यासाठी नाही, तो प्रश्न विचारायला सांगणाऱ्या गवंड्याला दे. वास्तुशांतीला गवंड्याला पटका देतात तो मान, अण्णा. तुमच्यासाठी ट्रंकेत ठेवलाय.

दोन घरं अजून बाकी आहेत. ती झाली की नोव्हेंबरच्या बोटीनं निघतो.

बाळासो


कोल्हापूर
६ ऑक्टोबर १९५५

बाळासो, तुझ्या बापाचा आणि आईचा आशीर्वाद.

कट्ट्यावर पत्र वस्तादांनी वाचलं. माझ्यानं वाचवलं न्हाय. सगळी पेठ गोळा झालती. चूल पेटली म्हटल्यावर तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोण पोलंडची बाई आणि कोण ही पोरं, पण अशी नाचली की कुस्ती मारून आल्यागत.

वडगावचं पावणं परत आलतं. पुन्हा तेच, पोरगं तिकडं काय करतं? ह्या वेळी मी छाती पुढं काढून सांगितलं, चिखल मळतं. विटा वाहतं. तेबी फुकट. पावणं म्हणालं, फुकट? म्हटलं, व्हय, फुकट. आणि त्यानं बांधलेल्या घरात एका म्हातारीनं चूल पेटवली, तुम्ही असलं काय केलंय का? मग सगळं पत्र वाचून दाखवलं. पावण्यानं चहा थंड केला. जाताना एवढंच म्हणालं, पोरगं कवा येतंय ते कळवा. आई तवापासनं खुशीत हाय.

मफलर संभाळून आण. बंदरावर कुणाच्या हातात देऊ नको. दरसाल दसऱ्याला पटका बांधतो, औंदा बांधणार न्हाय. तो मफलर आल्यावर बांधीन, मग उन्हाळा असू दे न्हाईतर काय बी असू दे. ज्याचा हाय त्याला माझा नमस्कार पोचंल का, ते म्हातारीला इचार.

आणखी एक. काल शाहूपुरीत एक चौकट बसवली. आपल्याच पेठेतली विठाबाई, तिच्या लेकाचं घर. पुडी सोडली, तेल घेतलं, बोट बुडवलं आणि तसाच थांबलो. उभ्या जन्मात कधी थांबलो न्हवतो. म्हटलं, विठाबाई, तुमच्यात दाराला काय लावतात? ती माझ्याकडं बघायलाच लागली. म्हणाली, "अण्णा, खुळ्यागत काय इचारताय? कुंकूच लावा की."

मग लावलं.

अण्णा